सामुदायिक महाविद्यालये : शाळा व उद्योग यांच्याशी सहकार्य

सामुदायिक महाविद्यालये : माध्यमिक शालेय शिक्षणानंतरचे सामान्यतः दोन वर्षांचे सर्वसाधारण व व्यावसायिक शिक्षण एखाद्या मर्यादित प्रदेशातील रहिवाशांना अल्प खर्चात आणि प्रवेशाच्या कडक अटी न घालता देणारी संस्था म्हणजे सामुदायिक महाविद्यालय होय. ही संस्था मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाली. तेथे अशी सुमारे एक हजार महाविद्यालये आहेत. त्यांतील अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास ‘असोसिएट’ ही पदवी किंवा विशिष्ट व्यवसायाचे प्रमाणपत्र मिळते. असोसिएट पदवीधरास चार वर्षांच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षात प्रवेश घेता यावा, अशी अपेक्षा असते. काही राज्यांत निवडक विषयांतील पूर्ण पदवीही या महाविद्यालयांतून दिली जाते.

विद्यापीठ हे देशभरातील, किंबहुना परदेशांतीलही विद्यार्थी आकृष्ट करते. सामुदायिक महाविद्यालयाचे विद्यार्थी मात्र बहुधा जवळपासच्या वस्तीतून येतात आणि शिक्षणानंतर तेथेच नोकरी करतात. त्यामुळे एका बाजूस परिसरातील माध्यमिक शाळा आणि दुसऱ्या बाजूस परिसरातील कारखाने, रुग्णालये, व्यापारी पेढ्या व शासकीय कार्यालये यांच्याशी असलेले संबंध हे या संस्थेचे आनुषंगिक अंग नसून तिच्या रचनेचाच भाग आहेत. प्रस्तुत लेखात या दुहेरी सहकार्याचा उगम, त्याचे प्रकार, त्याची आर्थिक बाजू आणि त्यातून उद्भवणारे प्रश्न यांचा विचार केला आहे.

उगम व विकास : या महाविद्यालयांचा जन्मच शाळेच्या पोटी झाला. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचे मत असे होते, की चार वर्षांच्या महाविद्यालयीन शिक्षणातील पहिली दोन वर्षे स्वरूपाने माध्यमिक शिक्षणाला अधिक जवळची असून ती विद्यापीठाबाहेर शिकविता येतील. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथील शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी त्यांच्या सहकार्याने १९०१ मध्ये आपल्या शाळेतच पुढील दोन वर्षांचे वर्ग उघडले. आरंभी केवळ सहा विद्यार्थी होते. जोलिएट ज्युनिअर कॉलेज हे आजतागायत अखंड चालू असलेले सर्वांत जुने सार्वजनिक द्विवर्षीय महाविद्यालय मानले जाते. कॅलिफोर्निया राज्याने १९०७ मध्ये कायदा करून माध्यमिक शाळांना शालान्त परीक्षेनंतरचे वर्ग चालविण्याची अनुज्ञा दिली आणि १९१० मध्ये फ्रेझ्नो येथे त्याप्रमाणे पहिले महाविद्यालय सुरू झाले. त्या काळी ‘ज्युनिअर कॉलेज’ हीच संज्ञा रूढ होती. अनेक ठिकाणी शाळा व महाविद्यालय यांची इमारत, शिक्षकवर्ग आणि नियामक मंडळ एकच असे.

व्यवसायशिक्षणाचा प्रवाह या संस्थांत थोडा उशिरा मिसळला. १९१७ च्या स्मिथ-ह्यूझ कायद्यान्वये केंद्र सरकारने शालेय व्यवसायशिक्षणास अनुदान देण्यास प्रारंभ केला. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात बेकार तरुण मोठ्या संख्येने ज्युनिअर कॉलेजांकडे वळले आणि नोकरीस उपयुक्त अशा अभ्यासक्रमांची मागणी वाढली. दुसऱ्या महायुद्धानंतर निवृत्त सैनिकांच्या शिक्षणाची तरतूद करणाऱ्या १९४४ च्या कायद्यामुळे प्रौढ विद्यार्थ्यांची भर पडली. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने १९४७ च्या अहवालात या संस्थांचे जाळे देशभर पसरावे अशी शिफारस केली आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केले. नावातील हा बदल अर्थपूर्ण होता : विद्यापीठाची धाकटी पायरी ही ओळख मागे पडून सभोवतालच्या समाजाची सेवा ही कल्पना पुढे आली. १९६० ते १९७० या दशकात या महाविद्यालयांची विलक्षण वेगाने वाढ झाली आणि बहुतेक ठिकाणी ती शालेय मंडळांपासून विभक्त होऊन स्वतंत्र जिल्हामंडळांच्या किंवा राज्यमंडळांच्या अखत्यारीत गेली. शाळेशी असलेले जन्मजात नाते तुटल्यामुळे ते पुढे करारांच्या रूपाने नव्याने जोडावे लागले.

शाळांशी सहकार्य : याचा सर्वांत प्रचलित प्रकार म्हणजे दुहेरी नोंदणी होय. माध्यमिक शाळेतील, बहुधा अकरावी-बारावीचा विद्यार्थी शाळेत असतानाच महाविद्यालयाचा एखादा विषय घेतो. त्याचे श्रेयांक शालान्त प्रमाणपत्र व पुढील पदवी या दोहोंसाठी धरले जातात. मिनेसोटा राज्याने १९८५ मध्ये अशा नोंदणीची राज्यव्यापी तरतूद केली. नंतर वॉशिंग्टन व इतर अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. अध्यापनाच्या तीन पद्धती आढळतात : (१) विद्यार्थी महाविद्यालयात जाऊन तेथील वर्गात बसतो; (२) महाविद्यालयाचा अध्यापक शाळेत येऊन शिकवितो; (३) शाळेतील पात्र शिक्षकच महाविद्यालयाच्या वतीने तो विषय शिकवितो. तिसरी पद्धत कमी खर्चाची व दूरच्या खेड्यांना सोयीची असली, तरी तीत शिक्षकाच्या पात्रतेचा प्रश्न उपस्थित होतो. अमेरिकेतील एका प्रमुख अधिस्वीकृती मंडळाचा सर्वसाधारण निकष असा आहे, की शिक्षकाजवळ त्या विषयातील पदव्युत्तर पदवी असावी किंवा अन्य विषयातील पदव्युत्तर पदवीबरोबर त्या विषयातील निदान १८ पदव्युत्तर श्रेयांक असावेत. ग्रामीण शाळांना असे शिक्षक मिळणे कठीण जाते. अशा अभ्यासक्रमांचा दर्जा पाहण्यासाठी १९९९ मध्ये एक स्वतंत्र राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. २०२२-२३ या वर्षात सुमारे २५ लक्ष शालेय विद्यार्थ्यांनी दुहेरी नोंदणीखाली विषय घेतले होते. त्यांतील बहुसंख्यांची नोंदणी सामुदायिक महाविद्यालयांतून झाली असल्याने या महाविद्यालयांतील साधारणतः दर पाच विद्यार्थ्यांपैकी एक शाळकरी असतो.

दुसरा प्रकार जोडअभ्यासक्रमाचा. शाळेची शेवटची दोन व महाविद्यालयाची पहिली दोन अशी चार वर्षे एकत्र कल्पून यंत्रशास्त्र, इलेक्ट्रॉनिकी, परिचर्या इ. विषयांची सलग मांडणी करावी, हा विचार डेल पार्नेल यांनी १९८५ मध्ये आपल्या एका ग्रंथातून मांडला. त्यांच्या मते, विद्यापीठात जाणारे हुशार विद्यार्थी आणि विशेष साहाय्य मिळणारे दुर्बल विद्यार्थी यांच्या मधल्या मोठ्या वर्गाकडे शिक्षणव्यवस्थेचे दुर्लक्ष झाले होते. व्यवसायशिक्षणविषयक पर्किन्स कायद्यात १९९० मध्ये जी सुधारणा झाली तिच्यात या योजनेसाठी केंद्रीय अनुदानाची तरतूद करण्यात आली. त्या कायद्याची २००६ व २०१८ मध्ये पुनर्रचना झाली आणि २०१८ च्या कायद्याने अनुदान घेणाऱ्या संस्थांवर स्थानिक गरजांची पाहणी करण्याचे बंधन घातले. या पाहणीत शाळा, महाविद्यालये व उद्योग यांचे प्रतिनिधी सहभागी करावे लागतात.

तिसऱ्या प्रकारात शाळा महाविद्यालयाच्या आवारातच भरते. न्यूयॉर्क शहरातील लाग्वार्डिया सामुदायिक महाविद्यालयाने १९७४ मध्ये आपल्या आवारात एक माध्यमिक शाळा उघडली. शाळा अर्धवट सोडण्याची शक्यता असलेल्या मुलांना मोठ्या विद्यार्थ्यांच्या सहवासात ठेवल्यास त्यांच्यावर शिस्तीपेक्षा उदाहरणाचा परिणाम अधिक होईल, अशी या योजनेमागील दृष्टी होती. २००२ पासून खाजगी प्रतिष्ठानांच्या साहाय्याने या कल्पनेचा विस्तार होऊन ‘अर्ली कॉलेज’ शाळा निघाल्या. नॉर्थ कॅरोलायना राज्यात त्यांची संख्या विशेष मोठी आहे. यांपैकी काही शाळांत जागांहून अधिक अर्ज आल्यामुळे प्रवेश सोडत काढून द्यावे लागले. सोडतीत नाव निघालेल्या व न निघालेल्या मुलांची नंतर तुलना करता आली आणि प्रवेश मिळालेल्यांत महाविद्यालयीन पदवी मिळविणाऱ्यांचे प्रमाण अधिक असल्याचे दिसून आले. शैक्षणिक प्रयोगांबाबत इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो. न्यूयॉर्कमधील ब्रुक्लिन येथे २०११ मध्ये शहराचे शिक्षण खाते, शहर विद्यापीठाचे एक महाविद्यालय व आयबीएम कंपनी यांनी मिळून नववीपासून चौदावीपर्यंतची सहा वर्षांची शाळा सुरू केली. तीत शाळा, महाविद्यालय व उद्योग हे तिन्ही घटक आरंभापासून एकत्र आले.

नियोक्त्यांशी सहकार्य : नोकऱ्या देणाऱ्या संस्थांशी, म्हणजे नियोक्त्यांशी असलेल्या सहकार्याची पहिली पायरी सल्लागार समिती ही होय. प्रत्येक व्यवसाय-अभ्यासक्रमास स्थानिक कारखानदार, रुग्णालयांचे व्यवस्थापक, कामगार संघटनांचे प्रतिनिधी इत्यादींची समिती जोडलेली असते. अनेक समित्या वर्षातून एक-दोनदा भरून विसर्जित होतात आणि त्यांचे काम नाममात्र राहते. याउलट जेथे समिती यंत्रसामग्रीची निवड, प्रात्यक्षिकांचे स्वरूप व पदवीधरांच्या उणिवा यांवर मोकळेपणाने बोलते, तेथे तिचा अभ्यासक्रमावर प्रत्यक्ष परिणाम होतो. अभ्यासक्रम ठरविण्याची एक उपयुक्त पद्धत कॅनडात १९६० नंतरच्या दशकात विकसित झाली. तीत एखाद्या व्यवसायातील पाच ते बारा कुशल कामगारांना सामान्यतः दोन दिवस एकत्र बसवून त्यांच्या कामाचे घटक त्यांच्याच तोंडून टिपून घेतले जातात. काम कसे चालते हे ते करणाराच सर्वांत नेमके सांगू शकतो, हे या पद्धतीचे गृहीत आहे.

दुसरी पायरी प्रत्यक्ष कामातून शिक्षणाची. अभ्यास व नोकरी आलटून पालटून करण्याची पद्धत हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात प्रथम सुरू केली. १९७१ मध्ये उघडलेल्या लाग्वार्डिया महाविद्यालयाने ती पूर्णवेळ विद्यार्थ्यांना आवश्यक केली. रुग्णपरिचर्येच्या अभ्यासक्रमात तर रुग्णालयाशी करार केल्यावाचून शिक्षण पुरेच होऊ शकत नाही. रुग्णालयातील प्रात्यक्षिकांसाठी जितक्या जागा मिळतील, त्यांवर प्रवेशसंख्या अवलंबून असते. नोंदणीकृत शिकाऊ उमेदवारीची चौकट १९३७ च्या केंद्रीय कायद्याने घालून दिली. कालावधीवर आधारलेल्या उमेदवारीत निदान २,००० तासांचे प्रत्यक्ष काम आवश्यक असते आणि वर्षाला किमान १४४ तास तात्त्विक शिक्षण असावे अशी शिफारस आहे. हे तात्त्विक शिक्षण देण्याचे काम पुष्कळदा सामुदायिक महाविद्यालयाकडे येते. केंटकी राज्यात २०१० मध्ये टोयोटा कंपनी व ब्लूग्रास सामुदायिक व तांत्रिक महाविद्यालय यांनी सुरू केलेल्या योजनेत विद्यार्थी आठवड्यातून दोन दिवस वर्गात व तीन दिवस कारखान्यात सवेतन काम करतो. यंत्रांची देखभाल, विद्युत्, द्रवचलित यंत्रणा इत्यादींचे ज्ञान त्यास एकाच वेळी दोन्हीकडून मिळते. पुढे इतर कंपन्यांनी व राज्यांनी ही योजना स्वीकारली. मोटारगाड्यांच्या दुरुस्तीसाठी जनरल मोटर्सने १९७९ पासून अशाच धर्तीवर महाविद्यालयांशी करार केले. त्यांनुसार विद्यार्थी काही आठवडे वर्गात व काही आठवडे विक्रेत्याच्या कार्यशाळेत घालवितो.

तिसरी पायरी म्हणजे विशिष्ट उद्योगासाठी बेतलेले प्रशिक्षण. कापडगिरण्या व शेती यांवर अवलंबून असलेल्या दक्षिणेकडील राज्यांनी नवे उद्योग आणण्यासाठी याचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. नॉर्थ कॅरोलायनाने १९५८ मध्ये आणि गव्हर्नर अर्नेस्ट हॉलिंग्ज यांच्या कारकीर्दीत साउथ कॅरोलायनाने १९६१ मध्ये अशा योजनांचा पाया घातला. नव्या कारखान्याची उभारणी चालू असतानाच त्यास लागणारे कामगार राज्याच्या खर्चाने शिकवून तयार ठेवावयाचे, असे त्यांचे स्वरूप होते. १९९२ मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीने साउथ कॅरोलायनातील स्पार्टनबर्ग परिसराची निवड केली, तेव्हा ही प्रशिक्षणव्यवस्था तेथे उपलब्ध होती. २०११ मध्ये त्याच कंपनीने जवळच्या तांत्रिक महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी काम व शिक्षण यांची सांगड घालणारी योजना सुरू केली.

आर्थिक बाजू : राज्याचे अनुदान, स्थानिक मालमत्ता कर व विद्यार्थ्यांचे शुल्क हे सामुदायिक महाविद्यालयाच्या उत्पन्नाचे मुख्य मार्ग होत; त्यांचे प्रमाण राज्यागणिक बदलते. सहकार्याच्या योजनांचा भार कोणी उचलावयाचा, हा नेहमीच वादाचा विषय राहिला आहे. दुहेरी नोंदणीत एकाच विद्यार्थ्यापोटी शाळा व महाविद्यालय या दोघांनाही अनुदान मिळाल्यास सरकारी खर्च दुप्पट होतो. शाळेचे अनुदान कापल्यास शाळा विद्यार्थी पाठविण्यास नाखूष असतात. आणि शुल्क पालकांवर टाकल्यास गरीब विद्यार्थी वगळला जातो. ज्या राज्यांनी शुल्क व पुस्तके यांचा खर्च स्वतःकडे घेतला, तेथे हा अडथळा बराच कमी झाला.

उद्योगांच्या प्रशिक्षणाबाबत आयोवा राज्याने १९८३ मध्ये अभिनव मार्ग काढला. नव्या नोकऱ्या निर्माण करणाऱ्या कंपनीशी महाविद्यालयाने करार करावयाचा, प्रशिक्षणासाठी लागणारा निधी रोखे विकून उभारावयाचा आणि नव्याने लागलेल्या कामगारांच्या वेतनातून कापल्या जाणाऱ्या राज्य प्राप्तिकराचा काही भाग वळवून त्या रोख्यांची फेड करावयाची, अशी ही योजना होती. वरवर पाहता तीत कोणालाच झीज पोहोचत नाही. तथापि कंपनीने त्या नोकऱ्या योजनेवाचूनही निर्माण केल्या असत्या, तर हा खर्च अंती इतर करदात्यांवरच पडतो. साउथ कॅरोलायनाने २००७ मध्ये शिकाऊ उमेदवार ठेवणाऱ्या मालकास दर उमेदवारामागे वर्षाला १,००० डॉलरची करसवलत दिली. त्याबरोबरच तांत्रिक महाविद्यालयांच्या यंत्रणेत स्वतंत्र सल्लागार नेमून लहान कारखान्यांना कागदोपत्री साहाय्य पुरविले. लहान मालक रकमेपेक्षाही कागदपत्रांच्या कटकटीमुळे मागे राहतो, हे ध्यानी घेता दुसरी तरतूद पहिलीइतकीच महत्त्वाची ठरते.

उद्योगांनी देणगीदाखल दिलेल्या यंत्रांविषयी सावधगिरीची आवश्यकता असते. कारखान्यातून बाद झालेले यंत्र महाविद्यालयास मिळाल्यास विद्यार्थी कालबाह्य तंत्र शिकतो. नवे यंत्र मिळाले, तरी त्याच्या दुरुस्तीचा व सुट्या भागांचा खर्च दरवर्षी संस्थेवर पडतो.

टीका व समस्या : या सहकार्यातील मूलभूत प्रश्न असा, की विद्यार्थ्यास तयार करावयाचे ते एका नोकरीसाठी की आयुष्यभराच्या उपजीविकेसाठी? नियोक्त्यास आज लागणारे कौशल्य त्वरित हवे असते. विद्यार्थ्याला मात्र तो कारखाना बंद पडल्यावरही उपयोगी पडेल अशा गणित, भाषा व विज्ञान यांच्या पायाची गरज असते. एकाच कंपनीसाठी आखलेले प्रशिक्षण सार्वजनिक पैशाने देणे म्हणजे खाजगी खर्चाचा भार समाजावर टाकणे होय, असाही आक्षेप घेतला जातो. यावर उपाय म्हणून अनेक ठिकाणी एकाच व्यवसायातील अनेक कंपन्यांचा संघ करून समान अभ्यासक्रम आखतात, आणि लहान प्रमाणपत्राचे श्रेयांक पुढे असोसिएट पदवीत धरले जावेत अशी व्यवस्था करतात.

समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्ये असे प्रतिपादन केले, की ही महाविद्यालये विद्यार्थ्यांच्या उच्च आकांक्षा हळूहळू शमविण्याचे कार्य करतात. स्टीव्हन ब्रिंट व जेरोम कॅराबेल यांनी १९८९ मध्ये हीच टीका पुढे नेऊन व्यवसायशिक्षणावरील भरामुळे गरीब विद्यार्थी विद्यापीठाच्या मार्गावरून बाजूस वळविला जातो, असे म्हटले. आकडेवारी या टीकेस काही अंशी पुष्टी देते. २०१५ मध्ये प्रथम प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी पुढे चार वर्षांच्या संस्थांत गेले आणि सहा वर्षांत पदवीपर्यंत पोहोचलेल्यांचे प्रमाण १६ टक्के एवढेच होते. संस्था बदलताना श्रेयांक बुडणे हे यामागील एक कारण आहे. २०१७ च्या एका सरकारी अहवालानुसार संस्था बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाया जात असल्याचा अंदाज होता. शाळेत असताना जमविलेले श्रेयांक विद्यापीठाने नाकारल्यास सहकार्याचा मूळ हेतूच विफल होतो. म्हणून शाळा, सामुदायिक महाविद्यालय व विद्यापीठ यांच्यात आगाऊ लेखी करार असणे अत्यावश्यक ठरते.

संधीच्या समतेचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. दुहेरी नोंदणीचा लाभ शालेय लोकसंख्येतील त्यांच्या प्रमाणाच्या मानाने कृष्णवर्णीय व स्पॅनिशभाषक वंशाच्या विद्यार्थ्यांना कमी मिळतो. शिवाय आर्थिक चढउतारांचा सहकार्यावर विपरीत परिणाम होतो : मंदीत नोकऱ्या गेलेले लोक महाविद्यालयाकडे धाव घेतात, पण नेमक्या त्याच वेळी कारखाने उमेदवारांच्या जागा कमी करतात व राज्य अनुदानात कपात करते, तेजीत जागा वाढतात, परंतु विद्यार्थी शिक्षण सोडून मिळेल त्या नोकरीकडे वळतात. २०१० च्या सुमारास उच्चांक गाठल्यानंतर या महाविद्यालयांतील नोंदणी दीर्घकाळ घटत गेली.

इतर देश व भारत : कॅनडातील आँटॅरिओ प्रांताने १९६५ मध्ये व क्वेबेकने १९६७ मध्ये आपापल्या पद्धतीची महाविद्यालये स्थापिली. जर्मनीत १९६९ च्या व्यवसायशिक्षण कायद्यानुसार उमेदवाराचा करार कंपनीशी होतो, तात्त्विक भाग व्यवसायशाळा शिकविते आणि परीक्षा वाणिज्य व हस्तव्यवसाय मंडळे घेतात. अशी देशव्यापी चौकट अमेरिकेत नसल्यामुळे तेथे शाळा व उद्योग यांतील सांधा जुळविण्याचे काम सामुदायिक महाविद्यालयावर येऊन पडले आहे.

भारतात ही कल्पना १९९५ मध्ये पाँडिचेरी येथे व १९९६ मध्ये मद्रास येथे प्रत्यक्षात आली. शाळा सुटलेल्या व गरीब कुटुंबांतील तरुणांना जीवनकौशल्ये व स्थानिक नोकरीस उपयुक्त प्रशिक्षण देण्यावर तेथे भर होता. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने २००९ मध्ये आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये यासंबंधी योजना सुरू केल्या. त्याच वर्षी राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकट अधिसूचित झाली. महाराष्ट्रात औद्योगिक प्रशिक्षण संस्था, १९६१ च्या कायद्याखालील शिकाऊ उमेदवारी आणि बारावीपर्यंतचे व्यवसाय अभ्यासक्रम यांच्यामार्फत सामुदायिक महाविद्यालयाच्या कार्याचे वेगवेगळे भाग पार पडत आले आहेत. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे श्री. श्री. कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने ग्रामीण शाळांतील मुलांना गावाला उपयोगी पडणारी कामे करीत तंत्रशिक्षण देण्याचा प्रयोग केला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०११ मध्ये काढलेल्या व्यवसायशिक्षण विभागात प्रत्यक्ष नोकरीच्या ठिकाणी प्रशिक्षण हे तत्त्व स्वीकारले.

या प्रयत्नांत साहित्याची वा कल्पनांची वाण नव्हती. उणीव होती ती एका पायरीवरून दुसरीवर जाण्याच्या वाटेची. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेल्या जोडाऱ्याला पदवीचा मार्ग दीर्घकाळ दुर्लभ होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात व नंतरच्या श्रेयांक चौकटीत ही वाट खुली करण्याचे तत्त्व मान्य करण्यात आले आहे. अमेरिकेतील सव्वाशे वर्षांच्या अनुभवावरून असे दिसते, की करारांची संख्या किंवा उद्घाटने यांवरून सहकार्याचे यश ठरत नाही. शाळेतून निघालेला विद्यार्थी पूर्वी शिकलेले पुन्हा न शिकता पुढे गेला का, नोकरीत त्यास टिकाऊ वेतन मिळाले का, आणि काही वर्षांनी त्याला शिक्षणाकडे परतावेसे वाटले तर दार उघडे होते का, या तीन गोष्टींवर त्याचे मूल्यमापन अवलंबून असते.